कवळीमामांची जास्वंद

माझ्या तोंडातले पुढचे दोन दात कवळीमामांनी केलेले आहेत. ते खोटे आहेत हे मी सांगितल्याशिवाय आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि सांगितल्यावरही लोक नेमकं शेजारच्या खऱ्या दातावर बोट ठेवतात. मामांच्या हाताची कल्पना एवढ्यावरून यावी.

आमच्या घरासमोर दातांचा दवाखाना आहे. खाली दवाखाना, त्याच्या वर मामा-मामींच्या दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. दवाखान्यात डॉक्टर पुढे आणि मामा मागे. पुढे पेशंट 'आ' करून बसलेला असायचा, त्याच्या जबड्याचा ठसा घेतला जायचा, आणि तो ठसा मागच्या खोलीत आला की मामांचं काम सुरू. ठशात प्लास्टर ओतायचं, पांढरा जबडा काढायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, हिरड्या कोरायच्या, सगळं साच्यात घालून उकळायचं आणि गुलाबी कवळी बाहेर काढून मोटरवर घासत बसायचं. खोली जेमतेम चार पावलांची. एक टेबल, एक शेगडी, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गावातले निम्मे जबडे ओळीने मांडलेले.

माणूस लाजाळू. इतका, की जबडे ओळखीचे आणि माणसं अनोळखी अशी त्यांची स्थिती. रस्त्यात कुणी हसलं की मामांना लगेच आठवायचं, 'खालची, उजवीकडे जरा बारीक केली होती.' पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. मामी सांगतात, पहिल्या भेटीत पाऊण तासात हे चार वाक्यं बोलले आणि त्यातली दोन 'हो' होती.

जुने डॉक्टर निवृत्त झाल्यावर त्यांची मुलगी दवाखाना बघू लागली. ती लहानपणी मागच्या खोलीत बसून मामांच्या मेणाच्या बाहुल्या करायची, त्यामुळे ते तिचे मामा, आणि म्हणून मग आम्हा सगळ्यांचेच. डॉक्टरबाई अधूनमधून हाक मारायच्या, "मामा, जरा बाहेर येता का? पेशंटला काहीतरी विचारायचंय." आतून उत्तर यायचं, "तुम्हीच सांगा ना." आणि मोटरचा आवाज वाढायचा.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक जास्वंद होती. शोभेची म्हणून आणलेली, चकचकीत पितळी हंड्यात लावलेली. हंड्याला भोक नव्हतं. आता दात काढायला आलेल्या माणसाला भीतीपोटी काय सुचेल सांगता येत नाही, पण बहुतेकांना झाडाला पाणी घालणं सुचायचं. दिवसाला दहा-बारा जण तरी हातातला पेला हंड्यात रिकामा करायचे. महिन्याभरात पानं पिवळी पडली, कळ्या उमलायच्या आधीच टपाटप गळू लागल्या आणि हंड्यातून कुबट वास यायला लागला.

"या झाडाकडे बघून पेशंट परत जातील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मामा, जाताना टाकून द्याल का?"

मामा 'हो' म्हणाले आणि हंडा उचलून आत घेऊन आले. टाकायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खोडाची साल नखाने इवलीशी खरवडली. आत हिरवं होतं. हा दात वाचतोय की काढायचा, ही चर्चा ज्याने जन्मभर भिंतीपलीकडून ऐकली, त्याला हिरवं दिसल्यावर टाकवेना. ते झाड घेऊन गच्चीवर गेले. मुळं धुतली. काळी, मऊ पडलेली मुळं मेण कोरायच्या सुरीने काढून टाकली, फांद्या वितीवर छाटल्या. रंगाच्या रिकाम्या डब्याला तळाशी पाच-सहा भोकं पाडून त्यात माती, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घातलं. झाड आठवडाभर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं आणि मग थेट उन्हात.

"मामा, टाकलं ना झाड?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो," मामा म्हणाले, आणि थोड्या वेळाने प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "वर टाकलं."

तीन आठवड्यांत तांबूस धुमारे आले. अडीच महिन्यांनी पहिलं फूल आलं, बशीएवढं, गडद लाल. मामा कामाला जायच्या आधी गच्चीवर जाऊ लागले, मग जेवणाच्या सुट्टीतही. उन्हाळ्यात रोज पाणी, थंडीत मातीत बोट घालून कोरडं लागलं तरच. दर पंधरा दिवसांनी मूठभर खत. फुलं नव्या फुटव्यावरच येतात हे लक्षात आल्यावर वर्षातून एकदा न घाबरता छाटणी. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण फांद्यांना चिकटला, तेव्हा मामांनी साबणाचं पाणी केलं आणि दवाखान्यात फुकट वाटायला येणाऱ्या ब्रशांपैकी एक घेऊन फांदी न् फांदी घासली. वरून खाली, हिरड्यांकडून दातांकडे, जसं पेशंटला शिकवतात तसं.

छाटलेल्या फांद्या मामांनी टाकल्या नाहीत हे सांगायला नको. वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं न बोललेला हा माणूस एक दिवस माझ्या दारात हातात काड्यांची जुडी घेऊन उभा राहिला.

"पेन्सिलीएवढी जाड घ्यायची," ते सांगू लागले. "अगदी कोवळी नको, पार लाकूड झालेली नको. वीतभर. खाली डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खालून तिरका काप, वर सरळ काप. म्हणजे उलटी खोचली जात नाही. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. ओल्या वाळूत दोन डोळे जातील इतकी खोचा आणि सावलीत ठेवा. रोज उपटून बघू नका."

"रोज कशाला बघेन?" मी म्हणालो.

"सगळे बघतात," मामा म्हणाले. "मीही बघितलं. म्हणून पहिल्या पाच मेल्या."

माझी सहा आठवड्यांत धरली. एवढं लांबलचक बोलल्यावर मामा चार दिवस मला टाळत होते.

मामींचा स्वभाव बरोबर उलटा. शेजारच्या गल्लीत त्यांचं एका खुर्चीचं बायकांचं सलून होतं, आणि त्या खुर्चीत बसलेल्या बाईला केस आणि गप्पा दोन्ही मनसोक्त कापून मिळत. गच्चीवरची जास्वंद बघताच त्यांचे डोळे चमकले. फुलं खोबरेल तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत तापवून गाळायची, की झालं केसांचं तेल. पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत फेस सुटतो, त्याने केस धुतले की कंगवा लोण्यातून फिरावा तसा फिरतो. गिऱ्हाइकं विचारायची, याने केस वाढतात का हो? मामी छातीठोकपणे काही सांगत नसत. "मऊ होतात, चमकतात. उगवायचं की नाही ते केसांचं केसांनी बघावं."

डॉक्टरबाईंनाही फायदा झाला. एकदा त्यांना कुठल्याशा समारंभाला निघायचं होतं आणि काळ्या बुटांचं पॉलिश संपलं होतं. मामांनी दोन फुलं आणून बुटांवर चोळली आणि फडक्याने पुसली. बूट आरशासारखे नसले तरी डॉक्टरबाईंचा चेहरा उजळेल इतके चमकले.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं होतं. पण एका सकाळी मामा फुलाकडे जरा जास्त जवळून बघायला गेले. फुलाच्या मधोमध जी लांब दांडी असते, तिच्या टोकाला पाच मखमली ठिपके आणि त्यांच्या खाली पिवळी भुकटी. मामांच्या खिशात त्या वेळी दातांवर रंगाची छटा चढवायचा बारीक ब्रश होता, चार केसांचा. भुकटी ब्रशवर आली. मामांच्या मनात आलं, ही भुकटी दुसऱ्या रंगाच्या फुलाच्या ठिपक्यांना लावली तर?

मी दिलेली एक गुलाबी जास्वंद एव्हाना गच्चीवर आली होती. मामांनी गुलाबीची भुकटी लालच्या ठिपक्यांना लावली, देठाला निळा दोरा बांधला आणि वाट बघत बसले. फूल गळालं. पुन्हा लावलं, पुन्हा गळालं. सकाळी दहाला, दुपारी बाराला, ढगाळ हवेत, कडक उन्हात असे पन्नासेक प्रयोग झाले. निळे दोरे जमिनीवर पडत राहिले.

त्यात एके दिवशी मामींना तेल कमी पडलं. त्यांनी गच्चीवर जाऊन सापडतील ती फुलं तोडली. तेल गाळताना चाळणीत निळा दोरा सापडला.

मामा काही बोलले नाहीत. जेवले, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. मामींना भांडण चालतं, मुकेपणा चालत नाही.

"अहो, काय ते एकदा बोला! एका फुलासाठी एवढं काय?"

"फूल नव्हतं ते," मामा शेवटी म्हणाले. "आई होती ती."

मामींना जे हसू फुटलं ते आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. पण त्या दिवसापासून दोरा बांधलेल्या फुलाला त्यांनी हात लावला नाही. उलट सलूनमध्ये दोऱ्याची गोष्ट इतक्या जणींना सांगितली की मामांचं गुपित आठवड्याभरात गावभर झालं.

अशातच टेलिफोनबाई दवाखान्यात आल्या.

टेलिफोनबाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या निवृत्त ऑपरेटर. एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांना जोडून देण्यात गेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि बोलण्याची हौस दांडगी. त्यांची वरची कवळी मामांनी केली होती आणि ती काही केल्या बसत नव्हती. तीनदा दुरुस्त झाली. चौथ्यांदा त्या आल्या तेव्हा मागच्या खोलीतली मोटर बंद करायची वेळ आली.

"डॉक्टर, 'स' म्हटलं की शिट्टी वाजते! काल मी 'साखर संपली' म्हटलं तर शेजारचा कुत्रा धावत येऊन माझ्यापुढे बसला. आणि हसले की सगळी बत्तिशी खाली उतरते. कोण करतं ही? मला त्या माणसाला भेटायचंय."

डॉक्टरबाई आत आल्या. मामा शेगडीच्या मागे जवळजवळ लपले होते.

"मामा, आता मी नाही. तुम्ही यांच्या घरी जा. त्या कशा बोलतात, कशा हसतात ते समोर बसून बघा आणि मग करा."

"मी? घरी?"

"हो. उद्या. मी कबूल करून बसलेय."

मामी सांगतात, त्या संध्याकाळी मामांनी जेवणात मीठ दोनदा घालून घेतलं आणि त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवीत ठशाचं सामान घेऊन मामा टेलिफोनबाईंच्या फाटकाशी पोहोचले. आत कुंपणाला सगळीकडे लाल जास्वंद होती, छातीएवढी उंच, आणि अंगणाच्या मधोमध एक पिवळी. फुलांचा घसा लालचुटुक, कडा झालरीसारख्या. आणि एका फांदीवर, फूल गळून गेलेल्या जागी, लिंबाच्या बीपेक्षा मोठं, हिरवं, टोकदार असं काहीतरी धरलं होतं.

टेलिफोनबाई दार उघडून "या" म्हणायच्या आत मामा म्हणाले, "ही शेंग धरते?"

"कोण शेंग? अच्छा, ती होय! हो, हिला धरते. तुम्ही कवळीवाले ना?"

"लाल धरत नाही," मामा म्हणाले. "पन्नास वेळा केलं."

"लाल कशी धरेल? तीस वर्षं हे कुंपण आहे, एक शेंग पाहिली असेल तर शपथ. लाल नुसती फुलते. आत या, तुम्ही काय उन्हातच उभे राहणार?"

आत बसल्यावर बाईंनी सरबत केलं. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या तर पाणी जांभळट, मळकट झालं. मामांनी ते बघून मनातल्या मनात निरोप घ्यायची तयारी केली. पण बाईंनी लिंबू पिळलं मात्र, पाणी क्षणात गुलाबी झालं. साखर, थंड पाणी, आणि ग्लास मामांच्या हातात. "कुणी म्हणतं रक्तदाबाला चांगलं. मला चवीला चांगलं लागतं. बरं, आता मी काय बोलू?"

"काहीही," मामा म्हणाले.

बाईंना ही मुभा आजवर कुणी दिली नव्हती. बाई एक तास दहा मिनिटं बोलल्या. तुटलेल्या लाइनी, चुकून जोडलेले नंबर, एकमेकांना ओळखत नसताना अर्धा तास गप्पा मारलेली दोन माणसं, सगळं सांगून झालं. मामा फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणि त्यांना सापडलं. बाई बोलताना मान डावीकडे कलवायच्या आणि जबडा त्या बाजूला सरकायचा. एकतीस वर्षं डाव्या कानाला यंत्र. दवाखान्यात खुर्चीत सरळ बसवून ठसा घेतला की तो सरळ माणसाचा यायचा, आणि कवळी घालणारी बाई डावीकडे कललेली.

मामांनी सगळं नव्याने केलं. दात डाव्या बाजूला केसभर आत घेतले, चावा तिथे जुळवला. मेणाची कवळी तोंडात बसवून बघायला बाईंच्या घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सासूबाईंनी सहा साड्या सोसायटीत सुकवल्या." शिट्टी नाही. शेजारचा कुत्रा फाटकाशी थोडा वेळ घोटाळला आणि निराश होऊन निघून गेला.

त्याच भेटीत मामांनी खिशातून एक डबी काढली. कवळी ठेवायची असते ती. आत गच्चीवरच्या लाल जास्वंदीची पिवळी भुकटी होती.

"एक विचारू?" मामा म्हणाले. "तुमच्या पिवळीला... म्हणजे... हरकत नसेल तर..."

"स्थळ घेऊन आलात की काय?" बाई म्हणाल्या. "जोडून द्या. मी जन्मभर तेच केलंय."

मामांनी सात फुलांवर ब्रश फिरवला, सात दोरे बांधले. आठवड्यात पाच गळाली. दोन ठिकाणी फूल पडलं, पण बुडाचा हिरवा पेला घट्ट राहिला आणि फुगायला लागला. त्यातली एक शेंग खारीने खाल्ली. उरलेल्या एकीवर मामांनी झिरझिरीत कापडाची पिशवी बांधली, आणि बाईंनी पहारा सुरू केला.

रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याचा फोन वाजायचा. "एक्स्चेंजमधून बोलतेय. शेंग जागेवर. रंग हिरवा. खारी दोन, दोघींना हाकललंय." डॉक्टरबाई आत ओरडून सांगायच्या, "मामा, शेंग जागेवर!" बाहेर बसलेल्या पेशंटना वाटायचं, हा दाताचा एखादा नवीन उपचार असेल. आणि नवल म्हणजे आठवड्याभराने मामा स्वतः फोन घ्यायला बाहेर येऊ लागले. पेशंटांच्या समोरून चालत.

त्रेसष्टाव्या दिवशी शेंग तपकिरी झाली आणि फुटली. नऊ बिया निघाल्या, केसाळ, मिरीएवढ्या. कवच टणक म्हणून मामांनी प्रत्येकीवर कानशीने एक ओरखडा काढला, रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि छोट्या पेल्यांत पेरल्या. दहा दिवसांत चार उगवल्या. एक बुडाशी कुजली, एक गोगलगाईने संपवली. राहिल्या दोन.

मग दीड वर्ष नुसतं थांबणं. त्या काळात मामींनी सलूनचा आरसा बदलला, माझा दुसरा खोटा दात झाला, आणि मामा रोज दोन रोपांकडे बघत राहिले. पहिल्या रोपाला कळी आली तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर जमलो. उमललं ते ओल्या विटेच्या चुऱ्यासारखं. ना लाल, ना पिवळं, ना केशरी. पाकळ्याही एकमेकींवर रुसल्यासारख्या वाकड्या.

"तेलाला रंगाचं काय?" मामी हळूच म्हणाल्या. मामा हसले, पण दिवसभर मोटर सुरूच होती.

दुसऱ्या रोपाचं फूल त्यानंतर पाच आठवड्यांनी आलं. मामी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. वरून हाक आली, "अहो! लवकर या! आणि हसणार नसाल तरच या!"

मामा दोन-दोन पायऱ्या चढून गेले. त्यांच्या पाठोपाठ मीही गेलो, कारण अशी हाक ऐकल्यावर घरी कोण बसेल. फूल चांगलं हातभर फांदीच्या टोकाला, ताठ. रंग गुलाबी. पण कुठला गुलाबी? मामा खाली गेले आणि हातात एक नवी, पॉलिश केलेली कवळी घेऊन वर आले. पाकळीशेजारी धरली. तंतोतंत. कवळीच्या गुलाबी मसाल्यात खऱ्या हिरडीसारखं दिसावं म्हणून बारीक लाल धागे मिसळतात. पाकळीवर तशाच शिरा होत्या. आणि पाकळीच्या कडेला चहूबाजूंनी पांढरी, कातरलेली झालर. दातांची ओळच म्हणा.

मामींनी धरून ठेवलेलं हसू सुटलं. डॉक्टरबाईंना बोलावलं, त्या ॲप्रनवरच आल्या आणि टाकीला धरून हसत बसल्या. "मामा, तीस वर्षं हा रंग बघितलात, झाडाने डोळ्यांतून उचलला!" मी मामांकडे बघत होतो. मला वाटलं, एवढी वाट बघून हे असं, वाईट वाटलं असेल. पण मामा सगळ्यांत जास्त हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग एकदम थांबले. "बाईंना दाखवायला हवं."

टेलिफोनबाई त्या वेळी मोठ्या इस्पितळात होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं; उद्या दाखवू म्हणायची सोय नाही. नवी कळी कधी येईल याचा नेम नाही.

"मी जाऊ का घेऊन?" मी विचारलं.

"नको," मामा म्हणाले. "मी जातो."

डॉक्टरबाईंनी त्या दिवशीच्या कवळ्या उद्यावर ढकलल्या. मामांनी फूल खुडलं. या फुलाला पाण्याची गरज नसते, नुसतं टेबलावर ठेवलं तरी दिवसभर टवटवीत राहतं. जबड्यांच्या खोक्यात कापूस अंथरून त्यावर फूल ठेवलं आणि मामा बसने निघाले. पुढचं मला बाईंनी आणि मामांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं.

बायकांचा वॉर्ड. आठ खाटा, आणि सगळ्यांचे डोळे दारातून आलेल्या या खोकेवाल्या माणसावर. एरवी मामा तिथूनच मागे फिरले असते. ते सरळ टेलिफोनबाईंच्या खाटेपाशी गेले आणि झाकण काढलं.

बाईंनी चष्मा लावला. एकदा फूल बघितलं, एकदा मामांकडे, आणि मग उशाच्या डबीतली कवळी काढून फुलाशेजारी धरली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही तर माझीच मुलगी!"

त्यांनी कवळी तोंडात बसवली आणि हसायला लागल्या. मान डावीकडे कलवून, पोट धरून, गुडघा दुखतोय म्हणत. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कवळी जागची हलली नाही. इतकी वर्षं इतकी कामं केली, पण आपल्या हातची कवळी पोटभर हसताना त्यांनी अशी समोर बसून पहिल्यांदाच पाहिली. मला सांगताना ते म्हणाले, "बसली होती हो. छान बसली होती."

तोवर शेजारच्या खाटेवरची बाई विचारू लागली, हे कसलं फूल, कुठे मिळतं. तिला सांगताना पलीकडचीने विचारलं, माझ्या झाडाच्या कळ्या गळतात त्याचं काय. "ऊन किती मिळतं?" मामांनी विचारलं. "चार-पाच तास तरी हवं. आणि कुंडीला भोक आहे का बघा." नर्स औषधं द्यायला आली आणि तीही फांदी कधी लावायची ते विचारत उभी राहिली. मामा त्या वॉर्डात पस्तीस मिनिटं बोलत होते. टेलिफोनबाईंनी घड्याळ लावून मोजलं. "मध्ये मी एकदाच बोलले," त्या म्हणतात. "माझ्यासाठी तो विक्रमच."

ते रोप स्वतःच्या मुळांवर नाजूक होतं, वाऱ्याने डोलायचं. मामांनी बाईंच्या कुंपणाच्या लाल जास्वंदीच्या फांद्या आणून जगवल्या, त्यांचा शेंडा उडवून मधोमध चीर दिली आणि नव्या रोपाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवली. साल सालीला जुळली पाहिजे, एवढंच. वर पट्टी गुंडाळली, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून दात बसवायचं मेण वितळवून लावलं. चौदांतली अकरा कलमं जगली. लाल मुळांवर ती अशी बळकट वाढली की मूळ रोपालाही लाज वाटावी. एक कलम बाईंच्या अंगणात पिवळीशेजारी गेलं, एक माझ्याकडे, एक मामींच्या सलूनच्या पायरीवर.

तिथेच ते एका रोपवाटिकेच्या मालकाने पाहिलं. तो मामांना भेटायला आला आणि मामांनी त्याला मागच्या खोलीत बसवून चहा दिला. हे आधी कधी घडलं नव्हतं.

"रोपं मी तयार करतो," मालक म्हणाला. "पण पाटीवर नाव काय लिहू? जातीला नाव हवं."

नावावरून पंधरा दिवस घोळ चालला. डॉक्टरबाईंना काहीतरी शोभिवंत हवं होतं. मामी म्हणाल्या, तुमचंच नाव द्या. मामा त्यावर कानापर्यंत लाल झाले. टेलिफोनबाईंनी फोनवर रोज एक नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडलं. शेवटी मालक पुन्हा आला तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होतो, चार-पाच पेशंटही बसलेले.

मामा आतून बाहेर आले. सगळ्यांसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बत्तिशी."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एका म्हाताऱ्या पेशंटने तोंडावर हात धरला, त्याच्या शेजारची हसली, आणि बघता बघता ती सबंध खोली, दातदुखी विसरून, दात दाखवायला लागली. मालकाने वहीत लिहून घेतलं.

परवा मी मामांना विचारलं, आता झालं ना मनासारखं? ते त्या वेळी गच्चीवर बसून एका पांढऱ्या जास्वंदीकडे बघत होते, नव्याने आणलेल्या. मामी बाजूला तेलासाठी फुलं वेचत होत्या.

"झालर जरा तोकडी आहे हो," मामा म्हणाले. "आणि फूल संध्याकाळपर्यंतच टिकतं. दोन दिवस टिकायला पाहिजे."

"म्हणजे पुन्हा दीड वर्ष?" मी विचारलं.

"दोन धरा," मामी फुलं वेचता वेचता म्हणाल्या. "आणि या वेळी ब्रश मी फिरवणार आहे."

मामांनी थोडं सरकून त्यांना बसायला जागा केली.